केसिंगचे पैसे

२००६ साली मी डोंबिवलीत घरच्या कॉम्प्युटरवर लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत असे. १६० जीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्यायच्या आणि त्या स्ट्राइप करायच्या, हे ठरवूनच लॅमिंग्टन रोडवरच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात शिरलो. फाइलचा एक तुकडा हिच्यावर, पुढचा तिच्यावर; दोघी मिळून वाचणार, म्हणजे वेग दुप्पट.

काउंटरमागच्या काकांनी विचारलं, "टेप किती वेगानं उतरते, साहेब?"

मिनी डीव्ही टेप. सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास, तासाला १३ जीबी.

"ही एकटी डिस्क पन्नास एमबी आरामात ओढते. दुसरा बैल कशाला जुंपता?"

"विंडोज तरी भरभर उघडेल."

"बारीकसारीक फाइली शोधण्यातच वेळ जातो. ७,२०० फेऱ्यांची चकती. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागणारच. दोन लावल्या म्हणून चकती जोरात फिरत नाही. रॅम वाढवा."

मी हेका सोडेना. तेव्हा त्यांनी बिलबुकातून दोन चिठ्ठ्या फाडल्या आणि माझ्या गावाचं नाव एक अक्षर इथं, एक तिथं असं लिहिलं. एकीवर 'डोंव', दुसरीवर 'बिली'. पहिली चुरगळून टोपलीत टाकली.

"आता सांगा, घर कुठं?"

मला हसू आलं, पण पुढं बोलायला काही उरलं नाही.

दुसरी डिस्क मात्र त्यांनी परत ठेवू दिली नाही. "यूएसबी केसिंगमध्ये घाला, रोज रात्री कॉपी घ्या, मग काढून कपाटात ठेवा. दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारा आरसाही लावू नका. चुकून पुसलंत तर दोन्हीकडून एकदम जाईल." केसिंगचे चारशे रुपये माझ्याकडे नव्हते. "पुढच्या खेपेला द्या."

पुढं कधीतरी वाचलं, की बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ सालच्या मूळ निबंधात रेडच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जुंपण्याच्या, पातळ्या एक ते पाच होत्या. स्ट्राइपिंगचं शून्य मागाहून चिकटलं. संरक्षणाच्या नावानं शून्य, हे काकांनी दोन चिठ्ठ्यांत सांगितलं होतं.

अडीच वर्षांनी एका सकाळी डिस्क टक्-टक् वाजू लागली आणि बंद पडली. तिच्यावर चार लग्नं होती. टेपा तर मी काटकसरीपायी पुसून पुन्हा वापरलेल्या. कपाटातल्या डिस्कवर आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं सापडलं. त्या चार घरांना यातलं काहीच माहीत नाही.

मी चारशे रुपये घेऊन गेलो. काकांना ना मी आठवलो, ना चिठ्ठ्या. त्यांनी उधारीची वही चाळली. माझं नाव नव्हतंच.

"लिहिलेलं नाही, म्हणजे येणं नाही. फारच वाटत असेल तर केसिंग आणून द्या."

ते केसिंग अजून माझ्याकडेच आहे. नेऊन दिलं तर हिशोब मिटेल, म्हणून नेलं नाही.