तुळशीचा चहा

तुमच्या दारात तुळस असणारच. गळ्यात माळ आहे त्या घरी हे विचारावे लागत नाही. कुठे दगडी वृंदावन असेल, कुठे कुंडी, कुठे वरचे तोंड कापलेला तेलाचा डबा. मला विचारायचे आहे ते निराळेच. ती तुळस कशी आहे? पाने हिरवीगार आहेत की पिवळी पडली आहेत? मंजिऱ्या वेळेवर खुडता, की वाळून तशाच लोंबतात? आपण तिला रोज पाणी घालतो, सांजेला दिवा लावतो, प्रदक्षिणा घालतो. पण कुंडीभर मातीत ती वर्षानुवर्षे उभी असते आणि तिच्या पोटाला काय मिळते, हे आपल्या ध्यानात येत नाही. रोजचे पाणी त्या मातीतला कस थोडा थोडा धुऊन नेत असते.

आमचे गाव फलटणजवळचे. आमच्या आळीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. पंधरा-सोळा वर्षांत त्यांची वारी चुकलेली नाही. वर्षभर पदराच्या गाठीत पाच-दहा रुपये बांधून ठेवायचे आणि ज्येष्ठात ती गाठ सोडायची, हा त्यांचा नेम. डोक्यावर तुळस घेऊन चालतात, आणि ती तुळस घरच्या डब्यातलीच असते. एका वैशाखात ती पिवळी पडली. कुणी सांगितले म्हणून त्यांनी बाजारातून पातळ खताची बाटली आणली. अडीचशे रुपये. गाठ ज्येष्ठाच्या आधीच सुटली. वर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा म्हणून बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. मजकूर इंग्रजीत होता, आणि त्याचा अर्थ एवढाच निघाला की मुरलेल्या खताचा पाण्यात उतरवलेला अर्क. असले खत मंदिरामागच्या निर्माल्याच्या खड्ड्यात हातभर जाडीचे पडून होते. मावशींना हे त्या क्षणी सांगवेना.

मी शेतीखात्यात नोकरी केलेला माणूस. या अर्काला इंग्रजीत ‘कंपोस्ट टी’ म्हणतात, म्हणजे खताचा चहा. तो करायला यंत्र लागते, खास पावडर लागते, असा समज पसरला आहे. अमेरिकेत एलेन इंगहॅम या मृदाशास्त्रज्ञ बाईंनी हवा खेळवून केलेल्या अशा चहाचा पुष्कळ प्रसार केला, तेव्हापासून पंप, नळ्या, पिशव्या असा सरंजाम विकायला आला. पण चांगले खत पाण्यात भिजवून ते पाणी झाडाला घालणे ही शेतकऱ्याची फार जुनी रीत आहे. आपल्याकडे सुभाष पाळेकरांनी जीवामृत घरोघर पोचवले. त्याचे माप 200 लिटर पाण्याचे : 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेतकऱ्याला ते सोयीचे आहे, कारण शेण गोठ्यातच आहे. पण चार कुंड्यांच्या धन्याने 200 लिटरचा पिंप ठेवायचा कुठे? आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मावशींनी गोमूत्र विकत आणायचे?

म्हणून सांगतो ती कृती खताच्या चहाची, आणि तीही सगळ्यात गरीब घरची.

आधी खत पाहा. काळेभोर, भुसभुशीत, हाताला गार लागणारे, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येणारे. त्यात फुलाची पाकळी किंवा साल ओळखू येत असेल तर ते अजून कच्चे आहे, राहू द्या. पाच लिटर पाण्याला अशा खताच्या दोन मुठी पुरतात. पाणी विहिरीचे असेल तर उत्तम. नळाचे असेल तर पसरट तोंडाच्या बादलीत रात्रभर उघडे ठेवा. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेले असते आणि ते खतातल्या जिवांनाही सोडत नाही. उघड्यावर ते बहुतेक उडून जाते. खत जुन्या धोतराच्या फडक्यात सैल बांधून पोटली पाण्यात सोडा. काठीने पाणी असे घुसळा की मधे भोवरा पडावा, मग उलटे फिरवून तो भोवरा मोडा. दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी एक हरिपाठाचा अभंग म्हणून होईतो. घुसळायचे ते पाण्यात हवा मिसळावी म्हणून. खतातले जे जीव मातीला हवेत, त्यांना श्वास लागतो. तुमच्याकडे माशांच्या पेटीचा छोटा पंप असेल तर तो लावा, हात मोकळे राहतील. नसेल तर त्यापायी काही अडत नाही.

एक दिवस झाला की पाणी चहाच्या रंगाचे होते. नाकाशी न्या. मातीचा वास आला तर झाले. कुजकट, गटारासारखा वास आला तर हवा कमी पडली आहे. ते पाणी तुळशीला घालू नका, खाण्याची झाडे सोडून लांब एखाद्या मोठ्या झाडाच्या बुडाशी ओतून टाका. चांगले उतरले असेल तर त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी, माती ओली असताना, कुंडीला एक तांब्या. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पावसाळ्यात कुंडी आधीच चिंब असते, तेव्हा तेही नको. जास्तीच्या पाण्याने तुळशीची मुळे कुजतात. पोटलीतला चोथा कुंडीतच घाला.

गुळाचे काय, हे हमखास विचारले जाते. मी घालू नका म्हणतो. गुळाने जीव झपाट्याने वाढतात हे खरे, पण गूळ चांगले-वाईट निवडत नाही. खतात रोगाचा एखादा जंतू उरला असेल तर त्याचीही पंगत बसते. आपली तर तुळस आहे. तिची पाने देवाच्या पायांवर जातात आणि तिथून तीर्थात, तीर्थातून आपल्या मुखात. म्हणून हा चहा मुळाशीच घालायचा, पानांवर शिंपडायचा नाही. ताज्या शेणाचे जीवामृतही पानांपासून दूर ठेवा. एका एकादशीला मंडळातल्या मुलांनी उत्साहाने बादली मंडपातच आणून ठेवली, तर एक आजी ओंजळ पुढे करून उभ्या राहिल्या. भाव खरा होता, पण हात धरावा लागला. त्या दिवसापासून बादली देवळाच्या मागे असते.

आणखी एक खरे सांगतो, कारण या चहाचे माहात्म्य सांगणारे आता फार झाले आहेत. हे अमृत नव्हे. यावर प्रयोग झाले आहेत आणि निकाल सारखे आलेले नाहीत, कुठे गुण आला, कुठे साध्या पाण्याहून वेगळे काही दिसले नाही. खरी ताकद खतात आहे. तुमच्याकडे खत भरपूर असेल तर चहाच्या भानगडीत न पडता वर्षातून दोनदा वरची दोन बोटे माती काढून तिथे खत भरा. चहा त्याच्यासाठी, ज्याच्याकडे खत मूठभर आहे आणि कुंड्या दहा आहेत.

मावशींची गोष्ट मंडळात निघाली तेव्हा एकाने सुचवले की आपणच बाटल्या भरू, वर विठोबाचे चित्र लावू आणि माउलींची पालखी येईल तेव्हा पन्नास रुपयांना विकू, सभामंडपाच्या फरशीचे काम होईल. सुचवणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. फरशी खरोखरच उखडली आहे. पण वाटेवर वारकऱ्याला चहा पाजणारा गाडीवाला पैसे पुढे केले तर हात जोडतो, आणि आपण तुळशीच्या चहाचे पैसे घेणार? ही माझ्या मनातली गोष्ट झाली. बैठकीत मी दुसरीच सांगितली, जिला उत्तर नव्हते. हा चहा बाटलीत टिकत नाही. बूच लावले की आतली हवा काही तासांत संपते, मग पाणी नासते, वायू धरतो. पंढरीला पोचेतो त्या बाटलीत काय उरेल?

तेव्हा ठरले की पाणी द्यायचे नाही, कोरडे खत द्यायचे. पाणी काय, वाटेवर कुठेही मिळते. निर्माल्याच्या खड्ड्याची नीट व्यवस्था लावली. हारांचे दोरे, प्लॅस्टिक, जर काढून टाकायची, एक घमेले फुलांना दोन-तीन घमेली वाळका पाला, आठवड्याला एकदा खालीवर. तीन महिन्यांत खत होते. ते चाळून, सावलीत सुकवून, मूठ-मूठ खताच्या पोटल्या बांधतो. सावतोबांच्या अरणहून आमच्याकडे सोयरीक आहे. तिकडच्या एका पाहुण्याने पोटल्या पाहिल्या आणि दहा मागून नेल्या. मळ्यातच पांडुरंग पाहणाऱ्या माळ्याच्या गावचा तो माणूस. त्याला फार समजवावे लागले नाही.

मावशी आता पोटल्या बांधायला येतात. मुठीचे माप त्यांच्याच हाताचे धरले आहे, कारण माझी मूठ मोठी पडते आणि खत लवकर संपते. गेल्या आषाढीला त्यांनी तीन पोटल्या पदरात बांधून नेल्या होत्या. एक त्यांच्या तुळशीला लागली. दोन दिंडीतल्या बायकांनी मुक्कामावर मागून घेतल्या आणि टँकरच्या पाण्यात भिजवल्या. ते पाणी रात्रभर उघडे ठेवायचे, हे मावशींनीच त्यांना बजावले.