चामड्यातला षड्ज

काही वाद्ये स्वर देतात व काही नुसता ठोका देतात, हा भेद कोणास समजावून सांगावा लागत नाही, अशी आमची बहुत वर्षे समजूत होती. जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढविले की तिचा स्वर उतरतो, काढून घेतले की चढतो, आणि ऐकणारास तो गुणगुणून दाखविता येतो. चिपळ्यांचा आवाज गुणगुणून दाखविण्याच्या भरीस शहाणा मनुष्य पडत नाही. येथवर सारे सुरळीत आहे. घोटाळा होतो तो चामड्यापाशी.

पदवीपरीक्षेच्या वर्षी पदार्थविज्ञानाचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक आम्ही जवळजवळ मुखोद्गत केले होते. ताणलेली तार छेडली असता मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनेही उठतात. त्यांचा परस्परांशी मेळ असल्यामुळे कानास एकच स्वर भासतो. गोल ताणलेल्या पडद्यावर आघात करावा, तर मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी आडवीतिडवी कंपने उठतात व कोणाचे कोणाशी जमत नाही. सबब ढोल हा नाद खरा, पण स्वर नव्हे. युरोपीय वाद्यवृंदातील टिंपनी नावाचे नगारे स्वरात लावून घेतात खरे. पण अपवाद म्हणून पुस्तकाने त्यांची बोळवण दोन ओळींत केली होती, आणि त्या दोन ओळी परीक्षेस येण्यासारख्या नव्हत्या.

हे ज्ञान घेऊन आम्ही सुटीत गावी गेलो. आमचे तीर्थरूप एकादशीच्या भजनात पखवाज वाजवीत. कणीक भिजवून ती डाव्या तोंडावर थापावयाची, पेटीवाल्या बुवांस स्वर धरून ठेवावयास सांगावयाचे, मग उजव्या तोंडास कान लावून गठ्ठ्यांवर हातोडीचे हलके ठोके द्यावयाचे, पुन्हा ऐकावयाचे, पुन्हा ठोकावयाचे, यात अर्धा-पाऊण तास सहज जाई. मंडळी पान जमवीत स्वस्थ बसलेली असत. त्यांच्यादेखत आम्ही म्हणालो, “बाबा, तुम्ही उगाच शिणता. चामड्याला स्वर नसतोच. हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे.” तीर्थरूपांनी आमच्याकडे पाहिले. “असेल बाबा,” एवढेच ते बोलले. त्या दिवशी मात्र त्यांनी हातोडी लवकर खाली ठेवली, आणि तो आम्ही आमचा विजय समजलो!

पुढे अध्यापकी करू लागल्यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९३४ सालचा भारतीय चर्मवाद्यांवरील निबंध आमच्या हाती पडला. तत्पूर्वी १९२० सालीच त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली होती. पाठ्यपुस्तकाचे गणित चूक नव्हते. ते कोऱ्या पडद्याचे होते. तबल्याच्या किंवा पखवाजाच्या उजव्या तोंडावर लोखंडाची भुकटी व खळ एकत्र घोटून शाईचा थर बसविलेला असतो, मध्ये जाड व कडेस पातळ. त्या भाराने कंपनांचे वेग बदलतात, आणि एरवी भांडणारी नऊ प्रकारची कंपने पाच सुरेल स्वरांत येऊन बसतात: मूळ, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट व पाचपट. जी शिस्त तारेस निसर्गाने दिली, ती शाईवाल्याने चामड्यास लावली. पडद्यावर बारीक रेती पसरून रामन यांनी या कंपनांच्या आकृतीही टिपल्या आहेत.

निबंध वाचल्यावर आम्ही शेजारच्या तबलजीस गाठले व प्रथमच नीट कान दिला. चाटेवरचा ‘ना’ हा स्पष्ट स्वर. त्याच तबल्यावर, त्याच बोटांनी काढलेला ‘तिट’ हा कोरडा ठोका. डग्ग्यावर मनगट सरकले की स्वर वाटेतच चढतो, त्यास काय म्हणावे हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. आम्ही जी भिंत दोन वाद्यांमध्ये घातली होती, ती एका वितीच्या पुडीवर दर क्षणी उभी राहते व पडते. हलगी वाजविणारा ती आगीवर शेकून ताणून घेतो. पण त्यास स्वर नको असतो, खणखणीतपणा हवा असतो, म्हणून तो शाईच्या वाटेस जात नाही. त्यास जे हवे ते तो जाणतो. जाणत नव्हतो ते आम्ही.

हे सांगावयास तीर्थरूप राहिले नव्हते. पखवाज गवसणीत खुंटीवर होता. शाईला भेगा गेल्या होत्या, वादी वाळून कडक झाली होती. गेल्या महिन्यात तो आम्ही एका कारागिराकडे नेला. त्याने विचारले, “पट्टी कोणती होती?”

आमच्याने उत्तर देववेना. बुवांचे बोट पेटीवर कोठे असे, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. कारागिराने तोंडावर वीत पसरून माप घेतले व म्हणाला, “काळी एकच्या आसपास असावा. पण अंदाजाने कशाला? त्यांच्याबरोबर पेटीला कोण बसत असे, त्यांना विचारून या. तोवर पुडी चढवून ठेवतो.”

बुवा पुष्कळ थकले आहेत, पण गावीच असतात. येत्या एकादशीस जाण्याचे ठरविले आहे.