मुख्यालय कोणी निवडावे?

जिल्हा निर्माण होणे आणि त्याचे मुख्यालय ठरणे, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. शासकीय सेवेत उभी हयात गेल्यामुळे आम्हांला त्या निराळ्या दिसतात. पहिलीत नकाशावर रेघ ओढली जाते. दुसरीत कोणी किती पायपीट करायची ते ठरते.

१५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून बुऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला. फारुकींची राजधानी आणि मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे असलेल्या शहरासमोर दुसरे नाव कोण घेणार? राजघाटावर सायंकाळी बसणाऱ्या आम्हां मंडळींना त्या दिवशी जुने शल्य गेल्यासारखे वाटले. पेशीसाठी खंडव्याची गाडी धरणे संपले. पण खंडव्याला तो मान कधी मिळाला होता? १८६४ पर्यंत निमाडचे मुख्यालय नर्मदाकाठी मंडलेश्वरला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमची राजधानीही नागपूरहून भोपाळला गेली. यांपैकी कशासाठीही मतपेटी मांडली गेली नाही. आपल्याकडे शासन प्रस्ताव प्रसिद्ध करते, आक्षेप मागवते आणि अधिसूचना काढते. आक्षेप मात्र तोच घेतो, ज्याच्या दारी वर्तमानपत्र आणि ओळखीत वकील असतो.

अमेरिकेत नव्या कौंटीचे ठाणे मतदारांनी निवडण्याची चाल पडली. कल्पना मोहक खरी. परंतु कान्सासच्या ग्रे कौंटीत सिमरॉन आणि इंगल्स या दोन गावांचा तंटा असा विकोपाला गेला, की जानेवारी १८८९ मध्ये दस्तऐवज उचलून नेताना गोळीबार होऊन माणूस मेला. ठाणे म्हणजे व्यापार आणि जमिनीचे भाव, हे दोन्ही गावे जाणून होती.

शिवाय मते मोजली, की मोठ्या वस्तीचेच पारडे जड होणार. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तेव्हा मुख्यालय जव्हारला असावे अशी डोंगरातल्या आदिवासी भागाची मागणी होती. ती मान्य झाली नाही. पण मतदान घेतले असते तरी काय घडते? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या सुमारे ३० लाखांपैकी १३ लाखांहून अधिक लोक एकट्या वसई तालुक्यात होते. जव्हारला मतपेटीनेही हात दिला नसता.

म्हणून १८७६ ची टेक्सासची राज्यघटना आम्हांला शहाणी वाटते. ठाणे हलवायचे तर तिथे दोन-तृतीयांश मते लागतात. मात्र कौंटीच्या मध्यबिंदूपासून पाच मैलांपलीकडचे ठाणे त्या पाच मैलांच्या आत आणायचे असेल, तर साधे बहुमत पुरते. मत आहेच, पण अंतरालाही वजन आहे.

आमच्या नोकरीच्या काळात देडतलाईच्या बाजूने एक वृद्ध कोरकू शेतकरी वारसनोंदीच्या पेशीला येई. साहेब दौऱ्यावर असले, की पुढची तारीख घेऊन परते. एक दिवसाची मजुरी आणि भाडे, दोन्ही पाण्यात. जिल्हा झाला, मुख्यालय जवळ आले, तरी बुऱ्हाणपूर नकाशाच्या पश्चिमेला आणि देडतलाई पूर्वेच्या टोकाला, हे काही बदलले नाही. मुख्यालय हलवा असे आम्ही म्हणणार नाही. महिन्यातून ठरल्या दिवशी साहेबांनीच पेशी घेण्यास खकनार-देडतलाईला जावे, आणि तो दिवस चुकवू नये, एवढेच मागणे आहे. त्यासाठी मतदान लागत नाही आणि अधिसूचनाही लागत नाही.