सेकी: एका धारेचं गाव

पाच पात्यांच्या रेझरनं मान लाल होतेय? मग जपानमधल्या या छोट्या गावाशी ओळख करून घ्याच.

तुमच्या बाथरूममधल्या रेझरला किती ब्लेड्स आहेत? दोन? तीन? की पाच? सोमवारी सकाळी खाली कॅब हॉर्न मारत असताना आणि नऊला क्लायंटचा कॉल असताना ही मोजणी कोण करणार म्हणा! पण हनुवटीच्या खाली, शर्टाची कॉलर घासते नेमकी तिथं, लाल पुरळ येणाऱ्या मंडळींना हा आकडा पाठ असतो.

मी त्या मंडळींपैकी एक. दाढी केली की मानेवर बारीक फोड, आत वळलेले केस आणि मीटिंगमध्ये सारखा कॉलरकडे जाणारा हात. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ गाठल्या. त्यांनी मान बघितली आणि क्रीम लिहून द्यायच्या आधी विचारलं, ‘रेझरला ब्लेड किती?’ मी म्हटलं, ‘पाच.’ त्या म्हणाल्या, ‘चार जास्त आहेत.’

यामागचं गणित साधं आहे. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस किंचित ओढून धरतं आणि मागचं पातं तो परत जायच्या आत कापतं. उरलेला खुंट त्वचेच्या पातळीखाली सरकतो. गाल मस्त गुळगुळीत! केस सरळ असेल तर पुढेही सगळं आलबेल. पण केस कुरळा आणि राठ असेल, तर बाहेर येताना तो वाट चुकतो आणि आतच वळतो. मग फोड ठरलेला. एकच पातं असलं की केस साधारण त्वचेच्या पातळीला कापला जातो आणि हा धोका बराच कमी होतो.

म्हणून मी एका पात्याचा, म्हणजे सिंगल-एज, धातूचा रेझर मागवला. छान वजनदार, नातवंडांपर्यंत टिकेल असा. पण प्रश्न संपला नाही, उलट सुरू झाला. यात ब्लेड कुठलं घालायचं?

धार एक, घराणी तीन

सिंगल-एज हा काही आजचा शोध नाही. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० सालीच एका धारेच्या सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं होतं. जिलेटचा दोन धारांचा रेझर त्यानंतरचा. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, त्यांचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड्स खपले होते. पुढं काय झालं ते आपल्या प्रत्येकाच्या आजोबांच्या आरशामागच्या फळीवर लिहिलेलं आहे.

आज सिंगल-एज ब्लेड्सची मुख्य घराणी तीन. पहिलं अमेरिकन ‘जेम’: पाठीला दुमडलेल्या पत्र्याचा कणा असलेलं. दुसरं ‘इंजेक्टर’: अरुंद पट्टीसारखं, डबीतून थेट रेझरमध्ये सरकवायचं. १९२६च्या शिक रेझरपासून त्याची परंपरा. आणि तिसरं जपानी ‘आर्टिस्ट क्लब’: मुळात सलूनमधल्या कारागिरांसाठी फेदर कंपनीनं बनवलेलं, पण आता अनेक छोट्या कंपन्या त्याच मापाचे घरगुती रेझर काढतात. एका घराण्याचं ब्लेड दुसऱ्याच्या रेझरमध्ये बसत नाही. त्यामुळे रेझर घेतलात की घराणं ठरलं.

माझा रेझर तिसऱ्या घराण्याचा. आणि योग बघा, त्याच सुमारास प्रोजेक्टनं मला तीन महिन्यांसाठी नागोयाला पाठवलं. नकाशात नागोयाच्या उत्तरेला बोट सरकवलं, तर गिफू प्रांतात एक ठिपका: सेकी. फेदरची ब्लेड्स जिथं बनतात ते गाव. वीकेंडचा प्लॅन झाला!

एका डब्याची गाडी

नागोयाहून जेआरनं गिफू, तिथून ताकायामा लाइननं मिनो-ओता आणि मग नागारागावा रेल्वेची डिझेल गाडी. बदलाबदली धरून दोनेक तास. शेवटच्या टप्प्यातली गाडी बघून मला हसूच आलं. एकच डबा! आपल्या एसटीला रुळांवर ठेवावं तशी. ही लाइन १९८६ साली सरकारी रेल्वेकडून स्थानिक भागीदारीच्या कंपनीकडे आली. खिडकीतून भातशेतं, टेकड्या, कौलारू घरं. बुलेट ट्रेनचा जपान कुठल्या कुठे मागं राहतो.

सेकी स्वतःला जर्मनीचं झोलिंगन आणि इंग्लंडचं शेफील्ड यांच्या पंगतीत बसवतं. ही फुशारकी नाही. इथं तलवारी घडायला लागल्या त्याला सातशेच्या वर वर्षं झाली. धारेवर लेपायला लागणारी माती, भट्टीसाठी पाइनचा कोळसा आणि नागारा नि त्सुबो या नद्यांचं पाणी असं सगळं सामान हाताशी, म्हणून लोहार इथं येऊन वसले. त्यांच्या भरभराटीच्या काळात गावात तीनशेहून जास्त तलवारकार होते म्हणतात. सेकीच्या पात्याची ख्याती तीन शब्दांत सांगतात: मोडत नाही, वाकत नाही, छान कापतं.

मग १८७६ साली सरकारनं हुकूम काढला, तलवारी बाळगायच्या नाहीत. एका फटक्यात गावाचं गिऱ्हाईक गेलं. गावानं काय केलं? विळे, सुऱ्या, कात्र्या, चाकू करायला घेतले. १९०८ साली इथंच खिशातले चाकू बनवत ‘काई’ कंपनी सुरू झाली. तिचा कारखाना आज आपल्याकडे राजस्थानात नीमराण्यालाही आहे. १९३२ साली गावात सेफ्टी रेझरचा कारखाना निघाला आणि फेदरची मुळं त्यात आहेत. फेदर शस्त्रक्रियेची पाती बनवते आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासणीसाठी ऊतींचे पातळ काप काढायची पातीही. नोकरी गेली तरी कौशल्य जात नाही, हे लेऑफच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या पिढीला सांगायला या गावासारखं गाव नाही.

फेदरचं इथं म्युझियम आहे. दाढीचा आणि धारेचा जगभरचा इतिहास मांडलाय, अगदी सर्जरीच्या पात्यांपर्यंत. तलवारींसाठी वेगळं संग्रहालय आहे आणि काही ठरावीक दिवशी तिथं लोहार तापलेल्या पोलादावर घण घालताना बघायला मिळतात. पण माझा प्रश्न म्युझियममध्ये सुटणारा नव्हता. तो सुटला एका खुर्चीत.

तीन प्रश्न

स्टेशनापासून थोडं पुढं, लाल-निळ्या फिरत्या खांबाचं छोटंसं सलून. मालक सत्तरीचे, पांढरा कोट, इस्त्री कडक. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं जपानी मी परजलं आणि विचारलं, ‘माझ्या रेझरला आर्टिस्ट क्लब लागतं. त्यातलं सर्वांत चांगलं कुठलं?’

ते हसले. आधी खुर्चीत बसवलं. गरम टॉवेल, फेस आणि मग वस्तरा. आपला सलूनवाला दोन धारांचं ब्लेड कागदासकट दुमडून ‘कट्’ असा आवाज करत मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. म्हणजे आपणही वर्षानुवर्षं सिंगल-एजनंच दाढी करून घेतोय! फरक जाडीचा. दोन धारांचं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, आर्टिस्ट क्लब साधारण पाव मिलिमीटर. जाड पातं राठ केसासमोर थरथरत नाही. हात हलका असेल तर ते गालावर आहे हे कळतही नाही.

दाढी झाल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला. आत चार डब्या.

‘हे प्रोफेशनल. नेहमीचं. हे सुपर. याची धार रेझरच्या तोंडातून जास्त बाहेर येते. दाट दाढी आणि मुरलेला हात असेल तरच. हे लाइट, धार कमी बाहेर. आणि हे प्रोगार्ड. धारेवर बारीक तारांसारखं कुंपण आहे. त्वचा आत शिरत नाही, केस शिरतो.’

‘पण सर्वांत धारदार कुठलं?’

‘धार सगळ्यांना भरपूर आहे. बघायचं ते एवढंच, की धार किती बाहेर आहे.’

मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. दाढी रोज करता की दिवसाआड? मानेवरचे केस कुठल्या दिशेनं वाढतात? आणि सकाळी दाढीला किती मिनिटं देता?

‘रोज. माहीत नाही. पाच मिनिटं.’

त्यांनी सुपर आणि प्रोफेशनल मुकाट्यानं ड्रॉवरमध्ये परत ठेवले, प्रोगार्ड माझ्यासमोर सरकवलं आणि माझंच बोट धरून माझ्या मानेवरून चारही दिशांना फिरवलं. जिकडे बोट अडतं ती उलटी दिशा, जिकडे घसरतं ती सुलटी. माझ्या मानेच्या डाव्या बाजूचे केस खालून वर वाढतात, उजवीकडचे तिरके. इतकी वर्षं ही मान घेऊन फिरतोय, पण तिचा नकाशा मला सेकीत मिळाला.

मग काय घ्यायचं?

परत आल्यावर मी प्रोगार्ड लावून, फक्त सुलट्या दिशेनं, एकाच हातात दाढी करायला लागलो. महिनाभरात मान शांत झाली. फोड अजूनही एखादा येतो, पण कॉलरकडे जाणारा हात थांबला. याची किंमतही आहे, ती लपवत नाही. पाच पात्यांचा तो आरशासारखा गाल मिळत नाही. संध्याकाळी सहाला हनुवटीवर हात फिरवला की खुंट लागतात. मी ठरवलं, लागू देत. मॅनेजर माझ्या हनुवटीवरून हात फिरवत नाही!

तुमचं गणित असं मांडा. त्वचा नाजूक, हात नवा किंवा सकाळ घाईची असेल तर कुंपणवालं ब्लेड: फेदरचं प्रोगार्ड किंवा काईच्या ‘कॅप्टन’ मालिकेतलं प्रोटच. हात बसला की प्रोफेशनल, किंवा काईचं टायटन माइल्ड. सुपरचा मोह दाढी दाट असेल आणि रविवारची निवांत वेळ असेल तेव्हाच. रेझर स्वतःच आक्रमक असेल, म्हणजे धार बरीच उघडी ठेवणारा असेल, तर ब्लेड एक पायरी सौम्य घ्या. जेमवाल्यांसाठी वेगळी सूचना: त्याच आकाराची रंग खरवडायची ब्लेड्स हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात. ती गालाला लावू नका. दाढीच्या ब्लेडच्या धारेवर घर्षण कमी करणारा लेप असतो, त्यांच्यावर नसतो. आणि तोच लेप टिकावा म्हणून ब्लेड टॉवेलनं पुसायचं नाही. धुवायचं, झटकायचं, वाळू द्यायचं. केस खेचले जायला लागले की बदलायचं, कंजुषी नको. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. याबाबतीत आपली आजोबामंडळी बरोबर होती.

जुन्या पात्याचं काय?

सेकीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट विक्रीची नाहीच. जपानात ८ नोव्हेंबर हा ‘धारेचा दिवस’ मानतात. ११-८ हे आकडे जपानीत ‘चांगली धार’ या शब्दांसारखे वाचता येतात म्हणून. त्या दिवशी सेकीत झिजलेल्या सुऱ्या-कात्र्यांसाठी विधी होतो, सेवा केल्याबद्दल त्यांचे आभार मानले जातात. आपल्या खंडेनवमीची आठवण झाली. फरक एवढाच, की आपण कामाला असलेल्या हत्यारांना हळदकुंकू लावतो आणि ते निवृत्त झालेल्यांनाही विसरत नाहीत.

आपल्याकडे निवृत्त ब्लेड कुठं जातं? कागदात गुंडाळून किंवा तसंच कचऱ्यात. आणि मग सकाळी ओला-सुका वेगळा करणाऱ्या कचरावेचक ताईंच्या बोटात. पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये धार निदान प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेली असते. सिंगल-एजचं ब्लेड सुटं आणि नागडं असतं. म्हणजे हा रेझर घेणाऱ्यावर ही जबाबदारी जास्त येते. उपाय फुकट आहे. पत्र्याचा एखादा जुना डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, झाकण चिकटवून टाका आणि बाथरूमच्या फळीवर ठेवा. तो भरायला काही वर्षं लागतील. भरल्यावर चीर बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि ताईंच्या हातात, सांगून, द्या.

जाताय?

नागोयाहून एका दिवसात सेकी आरामात होतं. रेल्वेची बदलाबदली नको असेल तर नागोयाहून हायवे बसही आहे. शरद ऋतूत धारेच्या वस्तूंची मोठी जत्रा भरते, तेव्हा गर्दी आणि सवलती दोन्ही असतात. म्युझियमचा सुट्टीचा वार आधी बघून घ्या. नागारा नदीवर मे ते ऑक्टोबर पाणकावळ्यांकडून मासे पकडायची जुनी पद्धत बघता येते. मासे खाणाऱ्यांनी भाजलेली ईल आणि भात सोडू नये. आणि खरेदी केलेल्या सुऱ्या, कात्र्या, ब्लेड्स सगळं काही चेक-इन बॅगेत. केबिन बॅगेत एक जरी सुटं पातं सापडलं, तरी ते विमानतळावरच राहील.