पैसा लागतो का डोकं?

आपल्या वस्तीत 'व्हिडीओ गेम' हा शब्द काढला की आयाबायांच्या कपाळाला आठ्या पडतात. पोरगं बिघडलं, डोळे गेले, अभ्यास बुडाला, ही यादी तोंडपाठ असते. अशा वेळी माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या, दोन लेकरांच्या बापाने 'मला गेमचा नाद आहे' असे जाहीरपणे सांगणे म्हणजे आपण होऊन बोलणी ओढवून घेणेच. तरीही सांगतो. कारण या नादाने माझ्या हाताला काम दिले. आणि याच नादाच्या नावाखाली चालणाऱ्या एका वेगळ्या धंद्याने माझ्या नात्यातले एक घर कर्जात घातले. या दोन गोष्टींतला फरक आपल्या कुटुंबांनी ओळखावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. पहिली पाळी असली की साडेतीनला सुटतो. घरी येऊन चहा, पाणी भरणे, बाजारहाट. जेवणे उरकली, मुलांची दप्तरे भरून झाली, की साडेनऊच्या सुमाराला माझी पाऊण तासाची बैठक बसते. तोवर पत्नीची मालिका संपलेली असते, म्हणून टीव्हीवरून भांडण नाही. टीव्हीखालच्या फळीवर दोन यंत्रे आहेत. एक जुना कॅसेटचा सेट, दुसरा सेकंडहँड घेतलेला प्लेस्टेशन-टू. रातपाळीच्या आठवड्यात दोन्ही बंद. रात्रभर पॅनलवर काम करायचे तर दिवसा झोप झालीच पाहिजे. हा नियम मी स्वतःला घातला आहे आणि पाळतो.

हा नाद लागला १९९५-९६ च्या सुमाराला, उल्हासनगरच्या एका गाळ्यात. आत चार मशिनी, एक पंखा आणि ही गर्दी. एका रुपयाला एक डाव. आमचा लाडका गेम 'मुस्तफा'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या या गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण ते नाव कोणाच्या तोंडी बसणार? त्यातल्या पिवळ्या टोपीच्या गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफा. एका मशिनीवर तिघे मिळून खेळायचे. एक सिंधी दुकानदाराचा मुलगा, एक भय्याचा मुलगा आणि मी, असे आमचे त्रिकूट होते. खोके फोडले की त्यातून खाण्याचे जिन्नस पडायचे आणि ते उचलले की ताकद भरायची. ज्याची ताकद सगळ्यांत कमी त्याने खायचे, असा आमचा कायदा होता. तो कोणी शिकवला नव्हता. तिघेही जगले तरच पुढचा टप्पा गाठता येतो, हे रुपया गमावून गमावून कळले होते.

त्या गाळ्यातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. चांगला स्कोअर झाला की मशीन नाव विचारायची, पण फक्त तीन इंग्रजी अक्षरे. शाळेत नवे मास्तर आले की पहिला प्रश्न आडनावाचा असायचा आणि आडनाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. मशिनीला आडनावासाठी जागाच नव्हती. मी बी, एच, एम अशी अक्षरे टाकायचो. भीम! यादीत सगळ्यांत वर ती तीन अक्षरे लुकलुकायची तेव्हा छाती भरून यायची. रात्री मालकाने बटण बंद केले की यादी पुसली जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे शून्यावर, पुन्हा सगळे सारखे.

आमचे आबा रेल्वेत गँगमन होते. मी गाळ्यावर जातो हे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी एकच विचारले, "त्यात पैसा लागतो का डोकं?" मला प्रश्न कळलाच नाही. ते म्हणाले, "रुपया टाकतोस तो खेळण्याचं भाडं म्हणून, का दोन रुपये परत मिळतील म्हणून?" मी म्हणालो, परत काही मिळत नाही. "मग जा. पण दप्तर झाल्यावर."

या प्रश्नामागे मटका होता. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी काही बायका कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहायच्या. नवरा घरी येण्याआधी पगार आकड्यावर जाऊ नये म्हणून. ओपन लागला, क्लोज हुकला, या हिशेबात किती घरांची चूल थंड राहिली हे आबांनी पाहिले होते. म्हणून त्यांना खेळाची भीती नव्हती, आकड्याची होती.

पुढे घरी कॅसेटचा सेट आला. तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राची स्वस्त नक्कल होता. कॅसेटवर '९९९९ गेम' लिहिलेले असायचे. प्रत्यक्षात दहा-वीस गेम आणि बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. कॅसेट चालली नाही की सगळे फुंकर मारायचे. मी खोडरबराने तिचे तांब्याचे पट्टे पुसून पाहिले, लगेच चालली. रिमोटची वायर नेहमी मुळाशी तुटायची. शेजारच्या रेडिओवाल्या काकांकडून कथील मागून ती मी डाग देऊन जोडली. महिन्याभरात अख्ख्या चाळीचे रिमोट माझ्याकडे. दहावीनंतर आयटीआयला नाव घातले तेव्हा सोल्डरिंग मला नव्याने शिकावे लागले नाही. गेमने नोकरी दिली असे मी म्हणत नाही. नोकरी शिक्षणाने दिली. पण यंत्र उघडून पाहायची भीती घालवली ती गेमने.

त्यामुळे गेम बनवणारी माणसे कोण, हे वाचण्याचीही मला आवड लागली. त्यातला मला सगळ्यांत जवळचा वाटतो गुनपेई योकोई. निन्टेन्डो ही कंपनी क्योटो शहरात १८८९ साली सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले ४८ पानांचे ते जोड जपानमधले जुगारी वापरायचे. १९६५ साली योकोई तिथे लागला तो पत्ते बनवणारी यंत्रे दुरुस्त ठेवायला. म्हणजे माझ्यासारखाच मेंटेनन्सचा माणूस. फावल्या वेळात त्याने लांब होणाऱ्या चिमट्याचे एक खेळणे केले. मालकाने ते पाहिले आणि विकायलाच काढायला लावले. ते दहा लाखांहून अधिक खपले. पुढे १९८९ साली याच माणसाच्या हाताखाली 'गेम बॉय' हे हातात मावणारे यंत्र तयार झाले. इतर कंपन्या रंगीत पडद्याच्या मागे होत्या आणि त्यांचे सेल काही तासांत संपायचे. योकोईने साधा, स्वस्त, बिनरंगी पडदा घेतला. सेल कितीतरी जास्त टिकले, किंमत कमी राहिली आणि गेम बॉय घरोघरी गेला. जुने, स्वस्त झालेले तंत्र घ्यायचे आणि नव्या कामाला लावायचे, हे त्याचे सूत्र होते. आपल्या वस्तीतला प्रत्येक मेकॅनिक हे सूत्र रोज जगतो.

गेम बॉयबरोबर जगभर गेला तो 'टेट्रिस'. आपल्याकडे जत्रेत मिळणारा 'ब्रिक गेम' तो हाच. अलेक्सेई पाजित्नोव्ह या संशोधकाने मॉस्कोत १९८४ साली तो तयार केला. चार चौकोनांच्या सात आकृत्या, बस्स. मात्र हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे त्याला आपल्या गेमचा मोबदला मिळू लागला तो १९९६ नंतर. मी आजही रोज टेट्रिसचा एक डाव खेळतो. पाळीत बिघडलेल्या मोटारीचा विचार डोक्यातून जायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या साडूचा थोरला मुलगा पार्सल पोचवण्याचे काम करायचा. २०२३ साली त्याने फोनवर पत्त्यांचा एक खेळ घेतला. जाहिरातीतले लोक हसत हसत लाखो जिंकत होते. पहिल्या आठवड्यात त्याला तीनशे रुपये मिळाले. मग पगार गेला, मग फोनवरूनच झटपट कर्ज, मग ते फेडायला दुसरे कर्ज. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे गेले. एकूण एक लाख चाळीस हजार. मेहुणीच्या कानातले गहाण पडले. बहिणीचे एक वर्ष वाया गेले. आणि घरात सगळे म्हणत होते, "गेम खेळून खेळून वाट लागली!"

मला या वाक्याचे फार वाईट वाटले. योकोईच्या कंपनीने जुगाराच्या पत्त्यांपासून खेळाकडे वाट काढली होती. इथे खेळाचे कपडे घालून जुगार परत आला होता. तो मटकाच होता, फक्त आकडा लावायला नाक्यावर जावे लागत नव्हते. उशाशीच नाका होता.

वर्षावासात आमच्या विहारात यावर चर्चा झाली. मुलांचे फोन काढून घ्या, असे बहुतेकांचे मत पडले. तेव्हा आमच्या ज्येष्ठ बौद्धाचार्य गुरुजींनी दीघनिकायातल्या दोन सुत्तांचा दाखला दिला. ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी कोणते खेळ वर्ज्य केले त्यांची मोठी यादी आहे. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, फासे, खेळण्यातला नांगर, छोटा रथ. पट न मांडता मनातच खेळायचा एक खेळही त्यात आहे. पण ही शिस्त घर सोडलेल्या श्रमणांची. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त आहे. तिथे तथागत सिगाल नावाच्या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगतात. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, पैसा हातोहात जातो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि लग्नासाठी कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी. साडूच्या घरात मी यातले पाच तोटे डोळ्यांनी पाहिले होते. सहावा मात्र होऊ नये म्हणून सगळे नातेवाईक गोष्ट दडवून ठेवत होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात बाजूला ठेवला आहे. पैसे लावून पैसे मिळण्याची आशा असेल तर तो खेळ चालवता येणार नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, मात्र खेळून नुकसान झालेल्याला नाही. तेव्हा कोणाच्या घरात असे झाले असेल तर भिऊन लपवू नका. साडूचा मुलगा आज पाळी संपल्यावर जादा काम करून हप्ते फेडतो आहे आणि त्याच्या बहिणीने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. गोष्ट उघड झाली म्हणूनच हे होऊ शकले.

कायद्याने सगळेच थांबेल असे नाही. लढाईच्या साध्या गेममध्येही पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघते ते नशिबावर, असा प्रकार असतो. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगारच ठरवले. माइकवरून अनोळखी मुले आधी नाव विचारतात, मग गाव, मग आडनाव. माझी मुलगी नववीत आहे. तिला असे विचारले की ती म्हणते, "स्कोअर बघ ना," आणि माइक बंद करते. तिचा आणि माझा शनिवारचा डाव ठरलेला आहे. शाळेच्या संगणक वर्गात तिने 'स्क्रॅच' या मोफत साधनावर स्वतःचा छोटा गेम बनवला. वरून पडणारी पुस्तके टोपलीत झेलायची. तो घरी दाखवताना ती मला म्हणाली, "पप्पा, हा पुस्तकांचा वेग वाढवायचा तर गणित लागतं." त्या आठवड्यात गणिताची वही मी काढायला सांगितली नाही, तिनेच काढली.

फोन काढून घेणे सोपे आहे, पण काढलेला फोन पोरगा मित्राकडे पाहतोच. त्याऐवजी एक दिवस लेकराशेजारी बसा. काय खेळतोस ते दाखव म्हणा. कळले नाही तरी बसा. आणि आमच्या आबांचा प्रश्न विचारा: "यात पैसा लागतो का डोकं?" डोकं लागत असेल तर वेळ ठरवून द्या आणि जमल्यास एक डाव त्याच्याबरोबर हरा. पैसा लागत असेल तर तिथेच, त्याच दिवशी थांबवा.

जयभीम!