पाच खणांचा प्लग

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, चिखली

एमआयडीसीची सुट्टी. लेकीच्या गिटारचा ब्रिजकडचा पिकअप आज बदलायचा होता. सोल्डरिंग आयर्न लावलं आणि लाईट गेली. गुरुवार म्हणजे वीज दुरुस्तीचा दिवस, दुपारशिवाय येणार नाही. "बाबा, सोल्डरशिवाय नाही का होत?" तिने विचारलं, आणि मला माझीच लाज वाटली. सोळा वर्षं चाकणला गाड्यांची वायरिंग हार्नेस जोडतोय. गाडीतले शेकडो सांधे आम्ही क्रिंप करतो, म्हणजे टर्मिनलचे पंख तारेवर दाबून बसवतो. सोल्डर तारेच्या केसांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी तार नेमकी तिथेच तुटते. गिटारच्या पोटात असे हादरे नसतात, तिथे सोल्डर चांगलंच टिकतं. पण नीट दाबलेला सांधा म्हणजे तात्पुरती सोय, हा समज चुकीचा आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

दुकानातून २.५४ मिलिमीटर पिचची पाच खणांची हाउसिंग आणि टर्मिनलं आणली. पिकअपच्या तारा केसासारख्या, मोठ्या खटक्याच्या कनेक्टरमध्ये त्या धरत नाहीत. जुना पिकअप काढताना पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरवरचा, टाका उकलला नाही. तार मध्येच कापली, पॉटकडच्या शेपटीला अर्धा प्लग लावला. आयर्नला हातही लावला नाही. प्रत्येक टर्मिनल भिंगाखाली पाहिलं, ओढून पाहिलं. पिकअपमधून येतात ते मिलिव्होल्ट. सांधा जरा सैल असला तरी थेट स्पीकरमध्ये खरखर ऐकू येते.

नवा पिकअप हंबकर आहे, सेकंडहँड घेतलेला. यात दोन कॉइल. त्यांची वेटोळी आणि चुंबकी ध्रुव एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मरची घुमघुम परस्पर कटते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

रात्री वाजवलं. आवाज बारीक, पत्र्यासारखा, आणि घुमघुम उलट वाढलेली. पोरगी काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चूक माझी. सेमूर डंकन या पिकअप कंपनीच्या तारांच्या रंगांप्रमाणे जोडलं होतं: काळी सिग्नलला, लाल-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. पिकअप निघाला डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीचा. तिथे लाल सिग्नलला, काळी-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. रंग तेच, अर्थ वेगळे. माझ्या जोडणीत एक कॉइल उलटी बसली: हवा तो आवाज कटला आणि घुमघुम जोडली गेली. मल्टिमीटर आधी लावला असता तर लाल आणि काळीमध्ये एका कॉइलचा रेझिस्टन्स दिसला असता. डंकनमध्ये तो काळी-पांढरीत दिसतो. हार्नेसच्या लाइनवर मी नव्या पोरांना रोज सांगतो, रंगावर विश्वास ठेवू नका, मोजा.

दुरुस्तीला दोन मिनिटं. टर्मिनलची जीभ टाचणीने दाबली, लाल आणि काळी खणांतून ओढून अदलाबदल केली. टाके असते तर पुन्हा तापवणं, पुन्हा जाळणं.

आता आवाज भरून आला. "हाच!" ती ओरडली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर पाहिलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कार्तिकी परवावर आली. आळंदीच्या वाटेवरून दिंड्या जाताहेत, घरातून मृदंग ऐकू येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. थोडी वाढवली की आवाज खाली उतरतो, खरवडली की चढतो. वाजवणारा तिथल्या तिथे ऐकत ठरवतो. गिटारवाल्यांना हेच हवं असतं. टाके उकलून पुन्हा घालेपर्यंत अर्धा तास जातो, आणि मघाचा आवाज कसा होता हे कान विसरतो. डॅन आर्मस्ट्राँग यांनी १९६९ मध्ये अँपेग कंपनीसाठी पारदर्शक अॅक्रिलिकची गिटार केली, तिच्यात पिकअप सरकवून बदलता येई. मला वाटतं, त्यांनीही कानाची हीच अडचण ओळखली होती. आज ईएमजीसारखे अॅक्टिव्ह पिकअप पिन-कनेक्टरसकट मिळतात; पण त्यांना बॅटरी आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात, साध्या पिकअपच्या पॉटवर ते नीट चालत नाहीत.

जुन्या पिकअपलाही तसाच प्लग लावला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, तिने आळीपाळीने दोन्ही वाजवले. बदलायला नऊ मिनिटं लागली, त्यातली सात मिनिटं गिटारच्या तारा सैल करण्यात आणि पुन्हा लावण्यात. तिसऱ्या वेळी मी चुकलो. जुना वाजत होता आणि मी नवा म्हणालो. तिने तो जुना पुन्हा एकदा, हळू, डोळे मिटून वाजवला. आता म्हणते, दोन्ही ठेवू या.