तोडलेल्या कुपातली यादी

तोडलेल्या कुपावर, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, पहिला पाऊस पडून गेला की वनस्पतींची यादी भराभर लांबत जाते. वरचं छत्र गेलेलं असतं, ऊन थेट जमिनीवर येतं आणि मातीत दबून राहिलेलं बी उगवून वर येतं. तरोटा, रानतुळस, आघाडा, वेली, गवतं. ऑगस्टमध्ये तिथे बसून मोजलं, तर कित्येकदा शेजारच्या न तोडलेल्या जंगलापेक्षा जास्त जाती भरतात. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटावं, जंगल समृद्ध झालं. पण कुपांत हिंडून माझं मत पक्कं झालं आहे: कोण आलं आणि कोण गेलं हे नावानिशी विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मी नागपुरात प्रताप नगरला राहतो. पहाटे निघून उमरेड, भिवापूर, नागभीड ओलांडलं की ब्रह्मपुरीकडचं सागाचं जंगल लागतं. 1974 साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाचं मुख्यालय आमच्याच शहरात आहे. सुरुवातीच्या काळात महामंडळाने या पट्ट्यात मिश्र जंगल काढून सागाची लागवड केली. वन विभागाचे कूपही कार्य आयोजनेप्रमाणे, म्हणजे तोडणीच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, पाळीपाळीने तुटतात. लाकूड डेपोला गेलं की आमचं वनस्पती नोंदवण्याचं काम सुरू होतं.

कामाची रीत साधी आहे. 2014 च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेत 0.1 हेक्टरचा नमुना भूखंड सांगितला होता. चौरस धरला तर त्याची बाजू 31.62 मीटर येते. त्यातल्या झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर घ्यायचा. झुडपं आणि रोपं 3 बाय 3 मीटरच्या चौकटीत, गवत आणि लहान वनस्पती 1 बाय 1 मीटरच्या चौकटीत मोजायच्या. खुंट्या, सुतळी, फीत, वही. एवढ्यावर कोणीही आकडे आणू शकतो. खरी कसोटी त्यापुढे, गुडघे टेकून माती उकरताना लागते.

कारण कुपातलं कोवळं रोप तीन ठिकाणांहून आलेलं असू शकतं: बियांतून, मुळातून किंवा तोडलेल्या खुंटातून. सागाच्या खुंटाला धुमारे फुटतात आणि त्यांची पानं भलतीच मोठी असतात, ते लांबूनही कळतं. तेंदू मात्र रोपासारखा सुटा उभा दिसतो. बोटांनी माती बाजूला केली की तो खालच्या आडव्या मुळाला जोडलेला सापडतो. बियांतून आलेल्या रोपाचं मूळ सरळ खाली जातं. वहीत तिन्ही एकाच रकान्यात 'पुनरुत्पादन' म्हणून लिहिली, तर जुनं जंगल आपल्या मुळांच्या जोरावर किती तगून आहे आणि नवं किती येतं आहे, यातला फरकच पुसला जातो. ज्या कुपात फक्त धुमारे आहेत, तिथे नवी पिढी आलेलीच नाही.

हे सगळं एका फेरीत दिसत नाही. पावसाळ्यात कंदवाल्या वनस्पती आणि रोपं दिसतात, पण बहुतेक गवतं ओळखायची तर त्यांचे तुरे यायला ऑक्टोबर उजाडतो. एप्रिल-मेमध्ये पानझडीचं झाड सालीवरून ओळखायचं असतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, धावड्याची गुळगुळीत फिकी, आणि बिजाला काप दिला की लाल रस येतो. त्याच उन्हाळ्यात बिजाचं रोप वरून वाळून जातं. चौकट रिकामी दिसते. खाली मूळ मात्र जिवंत असतं आणि वर्षागणिक जाड होत जातं. असं अनेक वर्षं वाळत-फुटत एखाद्या वर्षी त्याचा कोंब टिकतो. मे महिन्यात एकदाच जाऊन 'रोपं नाहीत' असं लिहिणं म्हणजे त्या मुळावर अन्याय आहे. त्यात वणवा लागला, तर हे चक्र आणखी लांबतं.

गेलेल्यांची नोंद तर त्याहून अवघड. मोहाच्या फांदीवरची रास्ना झाड पडलं की जाते, आणि तिच्या जागी उगवलेला तरोटा आकडा भरून काढतो. म्हणून तोडणीआधीची यादी हाताशी हवी. आमच्या भागाची जुनी छापील साधनं थोडी आहेत. थिओडोर कुक यांचा प्रसिद्ध ग्रंथ मुंबई इलाख्याचा, आणि नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. उगेमुगे यांचं नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक 1986 मध्ये आलं, ते माझ्या टेबलावर कायम असतं. पण पुष्कळ गोष्टी मला गावातल्या तेंदू तोडणाऱ्या बायांनी आणि वनरक्षकांनी दाखवल्या. रात्री घरी नमुने दाबायचे. पावसाळ्याच्या दमट हवेत रोज रद्दी बदलली नाही तर त्यांना बुरशी धरते.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. खुंटी पक्की ठोका आणि तिन्ही ऋतूंत त्याच खुंटीशी परत या. प्रत्येक रोपापुढे ते कशातून फुटलं हे लिहा. आणि तोडणीच्या आधी जाऊन या, कारण आधी न पाहिलेली वनस्पती नाहीशी झाली, तर तिची उणीव कोणत्याच अहवालात येत नाही. पुढच्या पाळीला कुऱ्हाड पुन्हा कधी चालवायची, हे याच नोंदींवरून ठरायला हवं.